आधी परतीची गाडी

आमच्या घरी कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमाची आखणी सुरू झाली ती शेवटच्या लोकलपासून. माझे सासरे मध्य रेल्वेत मोटरमन होते. लेकीनं उड्या मारत त्यांना सांगितलं, "आजोबा, तिकिटं मिळाली!" त्यांनी तिची पाठ थोपटली, चष्मा पुसला आणि एकच प्रश्न विचारला, "संपतं किती वाजता?"

कोण गाणार, कुठे बसणार, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. "जायचं कसं ते कुणीही सांगेल. पन्नास हजार माणसं एका वेळी मैदानाबाहेर पडल्यावर तू दोन पोरींना घेऊन घरी कशी येणार, ते आधी ठरव. ते पक्कं झालं की मग खुशाल नाचा." त्या वेळी मला हे जरा जास्तच वाटलं होतं. २१ जानेवारीच्या रात्री नेरूळच्या रस्त्यावर त्यांचा शब्द न् शब्द आठवला.

पण आधी सप्टेंबरबद्दल सांगायला हवं.

ऑनलाइन तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी बाराला होती. रविवार होता. गणपतीचं विसर्जन होऊन पाच दिवस झाले होते आणि घरात अजून आवराआवर चालली होती. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८ आणि १९ जानेवारी असे दोन कार्यक्रम जाहीर झाले होते. आम्ही अकरा वाजल्यापासून टेबलाभोवती बसलो. माझा फोन, लेकीचा लॅपटॉप, नवऱ्याचा फोन. नवऱ्याला या गाण्यांचं काहीच नाही. पण लेकीचं मन मोडवत नाही म्हणून तोही चहाचा कप घेऊन रांगेत शिरला.

बारा वाजले आणि नंबर दिसले. लेकीला सात लाखांच्या पुढचा, मला चार लाखांच्या पुढचा, नवऱ्याला एक लाख ऐंशी हजारांच्या आसपासचा. लेक रडवेली झाली. त्या दिवशी सव्वा कोटीहून जास्त लोकांनी प्रयत्न केला होता, हे नंतर बातम्यांत आलं. त्यामुळे आमचे आकडे म्हणजे नशीबच म्हणायला हवं. बघता बघता दोन्ही दिवसांची तिकिटं संपली. नवरा फोन ठेवायला निघाला होता, एवढ्यात तिसरा कार्यक्रम जाहीर झाला. २१ जानेवारी, मंगळवार. रांगेत होतो ते रांगेतच राहिलो आणि नवऱ्याचा नंबर लागला.

इथे आमची एक गोष्ट अगदी बरोबर झाली. आदल्या रात्री आम्ही मायलेकी कडाकडा भांडून घेतलं होतं. तिला स्टेजसमोर उभं राहायचं होतं, त्याचं तिकीट ६,४५० रुपये. मला बसायची जागा हवी होती. ती सोळा वर्षांची, उंची जेमतेम पाच फूट. पुढे धिप्पाड माणसं आली तर पाच-सहा तास उभं राहून तिला लोकांच्या पाठीच दिसणार. शिवाय तिची मैत्रीण येणार होती आणि दुसऱ्याच्या मुलीची जबाबदारी घेऊन मला त्या गर्दीत शिरायचं नव्हतं. रात्री अकरापर्यंत वाद झाला आणि शेवटी ती "बरं" म्हणाली. म्हणून पडद्यावर जागांचा नकाशा उघडला तेव्हा कुणी कुणाकडे पाहिलं नाही. वरच्या मजल्यावरच्या ४,५०० रुपयांच्या तीन जागा मिळाल्या. हीच चर्चा त्या मोजक्या मिनिटांत करत बसलो असतो तर जागा समोरून गेल्या असत्या. साडेतेरा हजार आणि वर शुल्क. आमच्यासाठी ही रक्कम मोठी आहे. दिवाळीत नवा फ्रिज घ्यायचा होता, तो पुढे ढकलला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

वाईट न वाटण्याला जुनं कारण आहे. २००० साली यांचा पहिला अल्बम आला तेव्हा मी कॉलेजात होते. मैत्रिणीच्या भावानं एका कॅसेटवर तो भरून दिला होता. डोंबिवली ते दादर, सकाळच्या गर्दीत, एक कान माझा आणि एक तिचा, असं आम्ही तो झिजेपर्यंत ऐकला. २०१६ मध्ये त्यांचा मुंबईत पहिला कार्यक्रम झाला. १९ नोव्हेंबरला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर. नोटबंदी होऊन अकरा दिवस झाले होते. घरात सुटे पैसे नव्हते, सासूबाई दवाखान्यात होत्या आणि मी रोज सकाळी बँकेच्या रांगेत उभी राहत होते. त्या रात्री मी दवाखान्याच्या बाकावर बसून लोकांनी टाकलेले व्हिडिओ पाहिले होते. आठ वर्षांनी तीच माणसं घरापासून दीड तासावर येणार होती.

डिसेंबरात सासऱ्यांनी कॅलेंडरचं एक जुनं पान फाडलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. पट्टीनं रेघ मारून, ड्युटी चार्ट लिहावा तसं. पहिली वाट, नेरूळहून ट्रान्स हार्बरनं ठाणे, तिथून डोंबिवली. ती चुकली तर दुसरी, नेरूळहून हार्बरनं कुर्ला आणि तिथून डोंबिवली. लांबची आहे, पण वेगळ्या मार्गावरची आहे. दोन्ही बंद पडल्या तर तिसरी, सीवूड्सला माझ्या मावसबहिणीकडे मुक्काम. नेरूळच्या पुढचंच स्टेशन, अगदी वेळ आली तर चालत जाता येईल. तिला आधीच फोन करून ठेवायला लावला. ती म्हणाली, "अगं, नाही चुकली गाडी तरी या!"

स्टेडियमहून जुईनगर स्टेशनही फार लांब नाही आणि लेकीच्या वर्गातली मुलं तिकडूनच येणार होती. बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "नको. ठाण्याच्या काही गाड्या नेरूळहूनच सुटतात. जिथून गाडी सुटते तिथून चढावं. जुईनगरला ती भरूनच येणार." चाकरी करताना त्यांनी केबिनमधून हजारो वेळा फलाटावरची गर्दी पाहिलेली. गाडी फलाटात शिरताना लोक कसे पुढे सरकतात, कुठल्या टोकाला गर्दी कमी असते, जिन्याजवळचा डबाच का भरतो, हे ते मला समजावत बसले. नोकरीतलं इतकं त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

संपण्याच्या वेळेचा त्यांचा प्रश्नही नेमका होता. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला मनाई असते, त्यामुळे कार्यक्रम दहाच्या आत आटपणार हे धरून चालता येतं. दहाला संपला तर गाड्या मिळतात. बंद सभागृहात बारापर्यंत चालणारा असता तर आखणी सगळी बदलली असती.

आठवडाभर आधी, एका शनिवारी, मी आणि लेक नेरूळला जाऊन आलो. रविवारी मेगाब्लॉकची भीती, म्हणून शनिवार. स्टेशन ते स्टेडियम सावकाश चालत पंचवीस मिनिटं लागली. वाटेत कुठे वळायचं, कुठे फूटपाथ खणलाय, कुठे उजेड आहे, ते पाहून घेतलं. एका नाक्यावर औषधांचं दुकान होतं, रात्री उशिरापर्यंत उघडं राहणारं, बाहेर हिरवा दिवा. लेकीला म्हटलं, "चुकामूक झाली तर इथे. फोन लागो न लागो." तिनं मान डोलावली, पण चेहऱ्यावर 'आईचं काहीतरी' असंच होतं.

तिकिटं कुरिअरनं घरी आली तेव्हा ती देवासमोर ठेवली. संक्रांतीच्या तिळगुळाच्या डब्याशेजारी दोन दिवस होती तिथेच.

मंगळवारी मी रजा टाकली. मैत्रिणीची आई सकाळी दोनदा फोन करून गेली आणि तिसऱ्यांदा घरीच आली. तिला कॅलेंडरचं पान दाखवलं, फोटो काढून दिला, मावसबहिणीचा नंबर दिला. तिचा जीव थोडा खाली बसला. दोन्ही मुलींच्या खिशात मी एकेक चिठ्ठी घातली, त्यावर माझा, घरचा आणि मावसबहिणीचा नंबर. एवढ्या माणसांत मोबाइलचं नेटवर्क कोसळतं आणि हल्ली मुलांना आईचा नंबरसुद्धा पाठ नसतो. बूट जुने, सवयीचे. गळ्यात लहान पर्स, बाकी काही नाही. पॉवर बँक आत नेऊ देतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून फोन पूर्ण चार्ज करून निघालो आणि प्रवासात कुणी व्हिडिओ बघायचा नाही असं ठरलं. तिकीट डोंबिवलीहूनच जाता-येताचं काढलं. रात्री साडेदहाला नेरूळच्या खिडकीवर उभं राहायचं नाही, ही बाबांची सक्त ताकीद.

ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटाकडे वळलो आणि गाडीत बसायच्या आधीच कार्यक्रम सुरू झाल्यासारखं वाटलं. गालांवर चांदण्या चिकटवलेल्या मुली, रंगीबेरंगी शर्ट घातलेली मुलं, कडेवर बॅगा घेतलेली नागपूरकडची एक जोडी. ऐरोलीला चढलेल्या एका मावशींनी विचारलं, "कुठली जत्रा गं?" लेकीनं त्यांना तुर्भ्यापर्यंत बँडची सगळी कुंडली सांगितली. त्यांनीही मन लावून ऐकली.

नेरूळला उतरून आधी जेवून घेतलं. डब्यात बटाट्याची भाजी घालून गुंडाळलेल्या पोळ्या आणि तिळाची वडी. आत खायला मिळतं, पण भाव वेगळे आणि रांगा लांब. पोट भरलेलं असलं की त्या रांगेत उभं राहावं लागत नाही. स्वच्छतागृहाचंही तसंच. गेटमधून आत शिरल्या शिरल्या, गर्दी व्हायच्या आधी जाऊन यावं. हे लिहायला साधं वाटतं, पण बायकांच्या रांगेत अर्धा कार्यक्रम गेलेल्या मैत्रिणी मला माहीत आहेत.

झडती झाल्यावर आत हातात घालायला एकेक पट्टा दिला. पांढरा, हलका, घड्याळासारखा, वर मधोमध दुधी काचेसारखा उंचवटा. बटण कुठेच नाही. लेकीनं तो उलटासुलटा करून पाहिला, दाबला, हलवला. काही झालं नाही. वनस्पतींपासून बनवलेल्या, कुजू शकणाऱ्या पदार्थाचा हा पट्टा असतो आणि जाताना परत द्यायचा असतो. सोबत एक पुठ्ठ्याचा चष्माही मिळाला. तो तिनं घडी करून पर्समध्ये ठेवला.

आमच्या जागा खरंच उंचावर होत्या. मुख्य मंच हाताच्या तळव्याएवढा दिसत होता. लेक काही बोलली नाही, पण माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मला ते लागलं. ऊन तोंडावर येत होतं. आधीच्या कलावंतांमध्ये जसलीन रॉयल गाऊन गेली, पॅलेस्टिनी-चिलियन वंशाची एलियाना गाऊन गेली. तिचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, आता घरी भाजी निवडताना लावते.

अंधार पडला. आठच्या आधी मैदानातले दिवे गेले आणि त्याच क्षणी माझ्या मनगटावर काहीतरी उजळलं. माझ्या, लेकीच्या, मैत्रिणीच्या, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या. मी मान वर केली तर अख्खं स्टेडियम लाल झालं होतं. मग निळं. मग लाटेसारखा रंग एका टोकाकडून निघाला, आमच्या अंगावरून गेला आणि पलीकडच्या टोकाला विझला. पट्ट्याला बटण नव्हतं, कारण तो आमचा नव्हताच. मंचावरून कुणीतरी आम्हा सगळ्यांना एकेक ठिपका म्हणून वाजवत होतं. आणि तो खेळ खालून, मंचासमोर उभं राहून, कधीच दिसला नसता. तो उंचावरूनच दिसतो. लेकीनं माझा दंड घट्ट धरला आणि कानाशी ओरडली, "आई, बरं झालं वर बसलो!"

मधेच तिनं पुठ्ठ्याचा चष्मा लावला आणि किंचाळली. मग माझ्या डोळ्यांवर चढवला. मैदानातल्या प्रत्येक दिव्याचा बदाम झाला होता. हजारो बदाम, लाल, पिवळे, निळे, एकमेकांत अडकलेले. मी तो चष्मा काढून पाहिला, पुन्हा लावून पाहिला. शेजारच्या अनोळखी बाईनं हात पुढे केला, तिलाही दिला.

शेवटाकडे चौघे जण मुख्य मंच सोडून मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या छोट्या मंचावर आले. तो आमच्या बाजूला होता. गायक क्रिस मार्टिनच्या शर्टाच्या बाह्या दिसल्या, गिटारवाल्या जॉनी बकलंडची टोपी दिसली. मंच किती लांब म्हणून आधी महिनाभर केलेली चिंता फुकट गेली. आदल्या कार्यक्रमात क्रिस मराठीत दोन शब्द बोलल्याची क्लिप लेकीनं मला दहा वेळा दाखवली होती. त्या रात्री मला ते शब्द नको होते, गाणंच हवं होतं.

एका गाण्यात ते मधेच थांबतात आणि सांगतात, एवढं एक गाणं फोनशिवाय, फक्त आपण. फोन खाली गेले. मला दादरची गर्दी आठवली, एक कान माझा, एक तिचा. ती मैत्रीण आता मेलबर्नला असते. मी रडले. लेकीनं पाहिलं आणि काही विचारलं नाही, फक्त खांद्याला खांदा लावला.

दहाला थोडं कमी असताना संपलं. सगळे एकदम उठले. बाबांचा दुसरा नियम होता, "संपल्यावर वीस मिनिटं हलायचं नाही. पहिला लोंढा जाऊ दे." आम्ही बसून राहिलो. मुलींनी पट्टे काढले. मैत्रिणीला तिचा ठेवायचा होता, हातात घट्ट धरून बसली होती. कुठल्या शहरानं किती टक्के पट्टे परत केले त्याचे आकडे कार्यक्रमात दाखवतात. लेक तिला म्हणाली, "आपल्या मुंबईचा आकडा कमी नको यायला." तिनं डब्यात टाकला आणि डब्याकडे दोनदा वळून पाहिलं.

आणि एवढं सगळं करूनही चुकामूक झालीच. गेटबाहेर माणसांचा रेटा एका दोरीजवळ दुभंगला. मी आणि लेक एका बाजूला, मैत्रीण दुसऱ्या बाजूला. हात सुटला तो क्षण मला दिसला आणि पुढच्या क्षणी तिची ओढणीसुद्धा दिसेना. फोन लावला, लागत नव्हता. पुन्हा लावला. माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की कानात गाणी वाजत होती ती बंद झाली. मागे वळता येत नव्हतं, गर्दी पुढेच नेत होती. लेक म्हणाली, "आई, औषधांचं दुकान. मी तिला सांगितलंय." मी विचारलं, "कधी?" "तू चिठ्ठी दिलीस तेव्हा."

ती पंधरा मिनिटं मी कशी चालले ते सांगता येत नाही. एक रिक्षावाला स्टेशनचे आठशे रुपये मागत होता, त्याच्याकडे पाहिलंही नाही. नाक्यावर वळलो आणि हिरव्या दिव्याखाली ती उभी होती. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात दुकानदारानं दिलेली पाण्याची बाटली. मला पाहून हसली आणि मग एकदम रडायला लागली. मी तिला पोटाशी धरलं. दुकानदार म्हणाले, "ताई, मघापासून इथून हलली नाही पोरगी. आत बस म्हटलं तरी नाही." मी पैसे द्यायला गेले, त्यांनी घेतले नाहीत.

नेरूळला फलाटभर माणसं होती, पण धक्काबुक्की नव्हती. जिन्यापासून लांब, अगदी टोकाला गेलो. ठाण्याची गाडी इथूनच सुटणारी मिळाली. तिघींना बसायला जागा. डबाभर मुली एकच गाणं म्हणत होत्या, सूर सुटलेले, आवाज बसलेले. घणसोलीपर्यंत दोघी माझ्या दोन खांद्यांवर झोपल्या. ठाण्याला कल्याणकडे जाणाऱ्या गाड्या मध्यरात्रीनंतरही असतात, त्यामुळे तिथे घाई नव्हती. तिघींचा येण्याजाण्याचा सगळा खर्च दोनशे रुपयांतही आला नाही.

डोंबिवलीला मैत्रिणीचे बाबा स्कूटर घेऊन उभे होते. चुकामुकीचं मी त्यांना तिथेच, लगेच सांगितलं. ते उद्या तिच्याकडून कळण्यापेक्षा आज माझ्याकडून कळायला हवं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चिठ्ठी जपून ठेव हां."

घरी पोचलो तेव्हा बाबा खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. आमच्या खिडकीतून रूळ दिसतात. मांडीवर कॅलेंडरचं पान. "पहिल्याच वाटेनं आलात?" मी हो म्हटलं. त्यांनी पेन्सिलनं पहिल्या ओळीपुढे खूण केली.

लेकीनं पर्समधून पुठ्ठ्याचा चष्मा काढला, त्यांचा भिंगांचा चष्मा अलगद उतरवला आणि हा त्यांच्या नाकावर बसवला. "आजोबा, सिग्नलकडे बघा." खाली एक गाडी नुकतीच पुढे निघून गेली होती आणि तिच्यामागचा सिग्नल लाल होता.

बाबा बराच वेळ बघत राहिले. "बदाम आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, चष्मा न काढता, "पिवळा झाला."